ए-बी-एल-ई

आमच्या पिढीने इंग्रजी आधी तोंडाने पाठ केले आणि मग डोळ्यांनी वाचले. तालुक्याच्या गावातली मराठी शाळा, पाचवीत हाती आलेली बाराखडीबाहेरची सव्वीस अक्षरे, आणि घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही. शब्द कानावर पडून आपसूक येण्याची सोयच नव्हती. तो अक्षराअक्षराने उचलून आणावा लागे. 'बी-ई-ए-यू-टी-आय-एफ-यू-एल, ब्युटिफुल, ब्युटिफुल म्हणजे सुंदर' हे सगळे एका दमात म्हणायचे आणि दम पुरला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. दिवेलागणीला गल्लीतून गेले की चार घरांतून हा घोष परवच्यासारखा ऐकू यायचा.

आठवीत गेल्यावर त्या घोषात एक नवे शेपूट आले. ए-बी-एल-ई. रिस्पेक्टेबल, व्हॅल्युएबल, रीझनेबल, मेमोरेबल. त्याच्या मागोमाग त्याचे जुळे भावंड आले, आय-बी-एल-ई. पॉसिबल, हॉरिबल, टेरिबल, व्हिजिबल. आम्ही त्यांना 'एबलवाले शब्द' म्हणायचो. स्पेलिंगच्या परीक्षेत सर्वांत जास्त मार्क जात ते याच शब्दांवर, आणि ज्याचे बरोबर येत त्याच्याकडे वर्ग जरा वेगळ्या नजरेने बघे.

सरांनी त्यावर एक युक्ती सांगितली होती. शब्दाचे शेपूट बोटाने झाकायचे. उरलेला तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहत असेल तर 'ए' लावायचे, लंगडत असेल तर 'आय'. रिस्पेक्ट उभा राहतो, म्हणून रिस्पेक्टेबल. 'हॉर्‌' उभा राहत नाही, म्हणून हॉरिबल. मग अपवाद यायचे. कॅपेबल, प्रॉबेबल, ड्युरेबल यांचे शेपूट झाकले तर मागे काहीच धड उरत नाही, तरी तिथे 'ए'. रिस्पॉन्सिबल आणि फ्लेक्सिबल यांचा तुकडा दिसायला ठीक, तरी तिथे 'आय'. चेंजेबल आणि नोटिसेबल यांत मधला 'ई' ठेवायचा, कारण तो काढला तर 'ज' आणि 'स' हे उच्चार राहत नाहीत, त्यांचे 'ग' आणि 'क' होतात. हे सगळे फळ्यावर खडूने, दोन रकान्यांत. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणायचा. वहीच्या मागच्या पानांवर अशा दहा-दहाच्या ओळी उतरत जात आणि हात ते स्पेलिंग डोक्याच्याही आधी शिकून घेई.

आमच्या गावठी उच्चारांनी आम्हाला फार मदत केली, हे पुढे कळले. इंग्रजांच्या तोंडात ही दोन्ही शेपटे एकसारखीच वाजतात, दोन्हीकडे एक पुसटसा 'अबल'. नुसत्या कानाने त्यांतला फरक कळणे अशक्य. आम्ही मात्र जसे लिहिले आहे तसे म्हणणारी माणसे. आम्ही 'व्हिजिबल' म्हणताना इकार स्पष्ट म्हणायचो आणि 'व्हॅल्युएबल' म्हणताना एकार. चार-दोन पुढारलेल्या नातेवाइकांना ते ऐकून हसू यायचे. पण त्या उच्चारातच स्पेलिंग सांभाळलेले होते. आज इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले अस्सल उच्चार करतात, छान वाटते ऐकायला, आणि लिहिताना नेमकी याच ठिकाणी थबकतात. फोनवर किंवा संगणकावर लिहीत असतील तर थबकायचेही कारण नाही. चुकीच्या शब्दाखाली तांबडी रेघ येते, बोट लावले की शब्द दुरुस्त होतो. मुलांचा तेवढा वेळ वाचतो, यात वाईट काही नाही. पण 'ए' का आणि 'आय' का, हा प्रश्नच त्यांना पडत नाही, आणि त्या प्रश्नामागे फार मोठी गोष्ट आहे.

ती गोष्ट रोमची आहे. लॅटिन भाषेत क्रियापदांचे गण असतात, आपल्या संस्कृतातल्या धातूंचे असतात तसे. ज्यांच्या मूळ रूपात 'आरे' येते त्या गणातल्या धातूंना 'आबिलिस' लागायचे. प्रेम करणे म्हणजे 'अमारे', म्हणून प्रेम करण्याजोगा तो 'अमाबिलिस'. बाकीच्या गणांना 'इबिलिस'. ऐकणे म्हणजे 'आउदिरे', म्हणून 'आउदिबिलिस', आजचा ऑडिबल. विश्वास ठेवणे म्हणजे 'क्रेदेरे', त्यापासून क्रेडिबल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गणभेदाची ती खूण आमच्या फळ्यावर दोन रकाने होऊन उतरली होती. लॅटिनमधून हे शब्द फ्रेंचमध्ये आले, फ्रेंचमधून इंग्रजीत. इंग्रजीत आल्यावर 'एबल'ने आणखी एक पाऊल टाकले. 'एबल' म्हणजे समर्थ हा एक स्वतंत्र शब्द तिथे आधीच होता. त्याचे मूळ निराळे, 'हाबिलिस'. या प्रत्ययाशी त्याचे नाते नाही. पण बोलणाऱ्या लोकांना दोन्ही एकच वाटले, आणि त्यांनी हे शेपूट आपल्या घरच्या, लॅटिनशी काही संबंध नसलेल्या क्रियापदांनाही बेधडक लावायला सुरुवात केली. ईटेबल, रीडेबल, अंडरस्टँडेबल. 'आय'वाला भाऊ जिथे होता तिथेच राहिला. आज नवा शब्द घडतो तो जवळपास नेहमी 'ए'नेच.

यातून जोड्या तयार झाल्या आणि त्या मला फार आवडतात. लॅटिनकडून आलेला लेजिबल आणि घरचा रीडेबल. पहिल्यात अक्षर लागते की नाही एवढेच पाहायचे, दुसऱ्यात मजकूर वाचावासा वाटतो की नाही हे. आपण मराठीत हा भेद किती सहज करतो पाहा. अक्षर सुवाच्य असते आणि पुस्तक वाचनीय. आमच्या सरांनी ही जोडी अशीच समजावली होती, आणि त्या दिवसापासून कोणाला लेजिबलचा अर्थ विचारावा लागला नाही.

एबलवाल्या शब्दांच्या याद्या करायचा आम्हाला छंद होता. त्या यादीत कोणी कॉन्स्टेबल घाली, कोणी व्हेजिटेबल, कोणी सरळ टेबल. त्यातला व्हेजिटेबल खरोखरच या घराण्यातला आहे. लॅटिनमध्ये तो आधी वाढीस लावणारा, जीव देणारा अशा अर्थाचा शब्द होता, पुढे उगवणाऱ्या सगळ्या वनस्पतींना लागला आणि शेवटी आपल्या ताटातल्या भाजीवर येऊन थांबला. टेबल म्हणजे मुळात फळी. आणि कॉन्स्टेबलचे मूळ घोड्यांच्या पागेवरच्या अधिकाऱ्याच्या पदनामात आहे. त्याचा क्षमतेशी संबंध नाही.

पण शाळेबाहेर हे शब्द आम्हाला भेटत ते कुठे? आज मागे वळून पाहताना मला वाटते की ते बहुतेक सगळे माणसांच्या अंगावर भेटत. कचेरीसमोर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणारे टंकलेखक अर्ज टाइप करून देत, त्यात 'ऑनरेबल' असायचे. नोकरीसाठी जोडायच्या शिफारसपत्रात 'रिलाएबल', 'डिपेंडेबल', 'एमिएबल' यांपैकी एखादा शब्द हटकून असे. हेडमास्तरांनी दिलेल्या दाखल्यात असा एक शब्द मिळाला तर घरचे तो दाखला पाहुण्यांना वाचून दाखवत, न समजणाऱ्यांना अर्थ सांगत. कोणाचे घराणे 'रिस्पेक्टेबल' आहे, एखादा शेजारी 'सोशिएबल' आहे, हे गावातले शिकलेले लोक मराठी वाक्यातच इंग्रजी शब्द घालून म्हणत. त्याच्याही आधीच्या काळात 'ऑनरेबल'चे मराठीने 'नामदार' केले होते. कायदेकौन्सिलात बसणाऱ्या गोखल्यांना वर्तमानपत्रे 'ना. गोखले' लिहीत, आणि तो 'ना.' आजही मंत्र्यांच्या नावामागे चालतो.

या प्रत्ययाला दोन अंगे आहेत. एक शक्यतेचे, हे करता येईल का? दुसरे योग्यतेचे, हे करण्याजोगे आहे का? वॉशेबल कापड धुता येते; ते धुण्याचा मान मिळावा अशी त्याची थोरवी नसते. ॲडमायरेबल माणसाची स्तुती करता येते एवढाच अर्थ नाही. तो स्तुतीस पात्र आहे. इंग्रजी दोन्हींना एकच शेपूट लावते. आपल्या परंपरेत हा भेद फार जुना आहे. पाणिनीने तव्य, अनीय, य हे प्रत्यय सांगितले, ज्यांतून आपले कर्तव्य, दर्शनीय, पेय हे शब्द येतात. आणि अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात हे प्रत्यय 'योग्य' या अर्थीही येतात आणि 'शक्य' या अर्थीही येतात, असे वेगवेगळे नोंदवले. मराठीने तर पुढे जाऊन दोन्हींसाठी निरनिराळी भांडी केली. योग्यतेसाठी विश्वासार्ह, आदरणीय, शिक्षेस पात्र. शक्यतेसाठी '-क्षम', '-ता येण्याजोगा'. कायद्याच्या मराठीत दखलपात्र गुन्हा आणि अजामीनपात्र वॉरंट हे शब्द वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहेत. इंग्रजीतल्या दोन एबलवाल्या शब्दांसाठी घडलेले ते अत्यंत नेटके शब्द आहेत. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० साली, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि अशा शब्दांची घडण सरकारी पातळीवर सुरू झाली. त्यातल्या काही शब्दांबद्दल लोक तक्रार करतात. पण रेल्वेच्या पार्सलांवरचा 'नाशवंत माल' पाहा. पेरिशेबलसाठी इतका भरलेला शब्द इंग्रजीजवळसुद्धा नाही.

मला आमच्या शाळेतले हे शब्द आठवतात ते योग्यतेचे. आणि आज भोवती ऐकू येतात ते शक्यतेचे. रिचार्जेबल टॉर्च, ज्याला बाजारात सुटसुटीतपणे 'चार्जेबल' म्हणतात. फोल्डेबल खुर्ची, रिफंडेबल डिपॉझिट, डिस्पोजेबल ग्लास, अफोर्डेबल घरे, 'रेट नेगोशिएबल', 'डॉक्टर ॲव्हेलेबल आहेत का?'. मराठी बोलणारा माणूस दिवसभरात असे किती शब्द उच्चारतो, त्याची त्याला जाणीवही नसते, आणि त्यांतले बहुतेक वस्तूंना, पैशांना किंवा यंत्रांना लागलेले असतात. माणसाला लागतो तो 'कम्फर्टेबल', आणि तोही बहुधा स्वतःपुरता.

या सगळ्यांत 'रिलाएबल' या शब्दाची हकिकत मला सर्वांत जवळची वाटते, आणि ती सांगितल्यावाचून या विषयात पुढे जाववत नाही. आज मोटारीपासून इंटरनेटच्या जोडणीपर्यंत प्रत्येक जाहिरातीत हा शब्द असतो. पण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात याच शब्दावरून विद्वान मंडळी वर्षानुवर्षे भांडत होती. आक्षेप असा होता की 'रिलाय' हे क्रियापद एकटे चालत नाही. त्याला 'ऑन' किंवा 'अपॉन' लागते. एखाद्यावर विसंबायचे तर 'वर' आलेच. मग ते 'वर' गिळून टाकून 'रिलाएबल' कसे म्हणता? व्याकरणशुद्ध करायचे तर शब्द 'रिलाय-ऑन-एबल' व्हायला हवा! हा अमेरिकेतून आलेला गावंढळ शब्द आहे, चांगला 'ट्रस्टवर्दी' असताना याची गरज काय, असे लोक त्वेषाने लिहीत. खरे तर हा शब्द स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकातच सापडतो. पण तो फारसा चलनात नव्हता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो एकदम सगळीकडे दिसू लागला तेव्हा लोक बिथरले.

या भांडणात एका माणसाने सबंध पुस्तक लिहिले. १८७७ साली लंडनमध्ये निघालेल्या त्या पुस्तकाचा विषयच मुळी इंग्रजीतली 'एबल'अंती विशेषणे आणि त्यांत विशेषेकरून 'रिलाएबल' असा आहे. लेखक फिट्झएडवर्ड हॉल. मराठी वाचकाने या माणसाची ओळख करून घ्यावी असे मला मनापासून वाटते, कारण त्याची वाट आपल्या माणसांच्या दारावरून गेलेली आहे. जन्म १८२५चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावचा. हार्वर्डमधले शिक्षण पदवीच्या उंबरठ्यावर टाकून, घरातून पळालेल्या भावाच्या शोधात तो हिंदुस्थानाकडे निघाला असे सांगतात. कलकत्त्याजवळ जहाज फुटले आणि तो इथे अडकला. अडकला तो संस्कृतात. १८५० साली तो बनारसच्या सरकारी संस्कृत कॉलेजात शिकवू लागला, आणि तीन वर्षांत तिथे संस्कृत व इंग्रजीचा प्राध्यापक झाला. संस्कृत ग्रंथाचे संपादन करणारा तो पहिला अमेरिकन.

त्या कॉलेजात तेव्हा बापूदेव शास्त्री होते. पुण्यात १८२१ साली जन्मलेले, नागपूरला शिकलेले, गणित आणि ज्योतिष यांत काशीत नाव मिळवलेले आपले बापूदेव. हॉलने 'सूर्यसिद्धान्त' संपादून १८५९ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध केला तो बापूदेवांच्या साहाय्याने. आणि काशीतले दुसरे मराठी शास्त्री, नीळकंठ गोरे, जे १८४८ साली ख्रिस्ती झाले आणि नेहेमाया गोरे म्हणून ओळखले जाऊ लागले, त्यांच्या 'षड्दर्शनदर्पण' या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद हॉलनेच १८६२ साली प्रसिद्ध केला. मधल्या काळात शिक्षण खात्याचा निरीक्षक म्हणून तो सागरला होता. मराठ्यांच्या अमलाची खूण बाळगणारे हे शहर. १८५७ साली त्या सागरच्या किल्ल्यात इतर युरोपियनांबरोबर तो सात महिने वेढ्यात राहिला. झाशीकडे निघालेला इंग्रज सेनापती ह्यू रोज १८५८च्या फेब्रुवारीत तिथे पोचला तेव्हा तो वेढा उठला.

ज्याने काशीत शास्त्र्यांबरोबर बसून संस्कृत पोथ्या लावल्या, त्याने इंग्लंडात जाऊन एका प्रत्ययावर ग्रंथ लिहावा, हे मला अगदी स्वाभाविक वाटते. प्रत्यय ही काही क्षुल्लक गोष्ट नाही, त्यावर आयुष्य खर्ची घालता येते, हे काशीतल्या व्याकरणाच्या पाठशाळांइतके दुसरीकडे कुठे दिसणार? हॉलची रीत अशी की वाद तर्काने लढायचा नाही, पुराव्याने लढायचा. लाफेबलमध्ये 'ॲट' गिळला आहे, अनअकाउंटेबलमध्ये 'फॉर', इंडिस्पेन्सेबलमध्ये 'विथ'. हे शब्द तुम्ही रोज वापरता आणि एकट्या 'रिलाएबल'लाच दारात उभे करता? मग जुन्या-नव्या लेखकांतली उदाहरणे एकामागून एक. भाषा लोक वापरतात तशी असते, असे तो दाखवून देत होता.

पुढे ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश सुरू झाला. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि वर्णानुक्रमाने हा 'एबल' प्रत्यय त्यातच आला. त्या कोशासाठी हॉल सफोक परगण्यातल्या एका खेड्यात बसून वर्षानुवर्षे, रोज काही तास, विनामोबदला राबला. १९०१ साली तो गेला तेव्हा कोश पुरा व्हायला आणखी सत्तावीस वर्षे होती. त्या काळी एका विशेषणाच्या खरेखोटेपणासाठी माणसे इतका जीव टाकत, हे आज सांगितले तर तरुणांना नवल वाटते. मला त्या काळाचा हेवा वाटतो. आणि एक गोष्ट मनात राहते. विरोधकांना हवा असलेला 'ट्रस्टवर्दी' हा शब्द योग्यता उघड सांगतो, विश्वासाला लायक. 'रिलाएबल' जिंकला, आणि हळूहळू तो माणसांवरून यंत्रांवर गेला. जिंकायलाच हवा होता, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण आमच्या हेडमास्तरांच्या दाखल्यांतला 'रिलाएबल' माणसासाठी होता, आणि तो तिथे शोभत होता.

आता वस्तूंकडे येतो. आमच्या लहानपणी दौतीतून ड्रॉपरने शाई भरायचे पेन होते. ते आज ज्याला रिफिलेबल म्हणतात तसे होते, पण तसे कोणी म्हणत नसे. मुंबईला मामांकडे गेलो की पहाटे आरेच्या दूध केंद्रावर रिकाम्या काचेच्या बाटल्या परत देऊन भरलेल्या आणायच्या. गोटी सोड्याची बाटली तिथल्या तिथे पिऊन परत करायची. वहाणेचा अंगठा तुटला की शिवून घ्यायचा, छत्रीची काडी मोडली की पावसाळ्याच्या तोंडावर बसणाऱ्या कारागिराकडून बसवून घ्यायची, पितळेच्या भांड्यांना कल्हई, रॉकेलच्या स्टोव्हला नवा वायसर, जुन्या लुगड्यांची गोधडी. हे सगळे रिपेअरेबल, रियुझेबल, रिटर्नेबल होते. त्यासाठी शब्द नव्हता कारण त्याची गरज नव्हती. जी गोष्ट सगळ्याच वस्तूंत असते तिचे लेबल कोणी लावत नाही. विजेरीचे सेल मात्र एकदा संपले की संपले; ते उन्हात ठेवून आणखी दोन रात्री चालवायचा प्रयत्न घरोघर चाले. आज त्या जागी रिचार्जेबल विजेरी आली, ही सुधारणाच. पण बाकीच्या वस्तूंवर आता 'रियुझेबल' असे छापावे लागते, याचाच अर्थ उरलेल्या सगळ्या फेकायच्या असतात.

फ्रान्सने तर २०२१पासून मोबाइल, लॅपटॉप, कपडे धुण्याचे यंत्र अशा काही वस्तूंवर त्या दुरुस्त करता येण्याजोग्या किती आहेत याचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक केले. सुटे भाग मिळतात का, उघडता येते का, माहिती दिली आहे का, यावर ते गुण. मला ही बातमी वाचून आनंद झाला. आमच्या गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने पेटी उघडून आत नुसते डोकावून जे सांगितले असते, ते आता एका सरकारने आकड्यात मांडले.

काही शब्दांत तर काळानुसार बदल होणे जिवाच्या दृष्टीने आवश्यक होते. एस.टी.तून जाताना पुढे पेट्रोलचा टँकर असला की त्याच्या पाठीवरची अक्षरे आम्ही मोठ्याने वाचायचो, 'हायली इन्फ्लेमेबल'. सरांनी 'इन' म्हणजे नकार हे शिकवलेले, इनव्हिजिबल म्हणजे अदृश्य. मग हा टँकर न पेटणारा? पण हा 'इन' नकाराचा नाही. लॅटिनमधल्या पेटवणे या अर्थाच्या क्रियापदातच तो आहे. हा घोटाळा मुलांपुरता नव्हता. अमेरिकेत आग-प्रतिबंधाचे काम करणाऱ्यांनी १९२०च्या दशकातच 'इन' काढून नुसते 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला, कारण चुकीचे वाचणारा माणूस काडी ओढेल. आज टँकरवर तांबड्या चौकोनात ज्वालेचे चित्र आणि खाली ३ हा आकडा दिसतो, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली ज्वालाग्राही द्रवाची खूण. इन्फ्लेमेबल हा शब्द मागे पडला. त्याच्याविषयी मला ममता असली तरी तो गेला हे चांगलेच झाले. आपला 'ज्वालाग्राही' मात्र पहिल्यापासून निःसंदिग्ध होता.

आणि काही शब्द असे की ते तेव्हा नव्हते याचे आज वाईट वाटते. ॲक्सेसिबल हा त्यांतला पहिला. आमच्या शाळेला सहा उंच पायऱ्या होत्या. पायाने अधू असलेल्या मुलाला दोघेजण उचलून वर नेत, आणि ज्याला उचलणारे कोणी नसे तो शाळेत येतच नसे. त्या पायऱ्यांना काय म्हणायचे यासाठी आमच्याजवळ शब्द नव्हता, त्यामुळे कोणी त्यांच्याविषयी बोलतही नसे. २०१५च्या डिसेंबरात सुगम्य भारत अभियान सुरू झाले, २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला, आणि आज शाळेच्या दारात उतार नसेल तर पालक तो मागू शकतात. इथे शक्यता आणि योग्यता एकत्र आल्या आहेत. इमारतीत शिरता यावे आणि शिरणारा त्या हक्कास पात्र आहे, दोन्ही. सस्टेनेबल हाही असाच. १९८७च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालानंतर तो जगभर पसरला, मराठीत त्याचे 'शाश्वत' झाले. माझी पसंती 'टिकाऊ'ला होती, कारण टिकाऊ कापड, टिकाऊ रंग हे आई-आजी रोज म्हणत. पण आता 'शाश्वत' रूढ झाला आहे आणि त्याने काम चांगले चालले आहे.

म्हणून जुने सगळे परत आणा असे माझे म्हणणे नाही. दहा वेळा लिहायची शिक्षा गेली ते बरे झाले. पाठांतराने किती मुले इंग्रजीला भिऊन शाळा सोडून गेली हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मागणे एवढेच आहे की शब्द उकलून पाहण्याची सवय जाऊ नये. आठवीच्या वर्गात ज्यांनी शेपूट बोटाने झाकून पाहिले, त्यांना पुढे आयुष्यात कुठलाही नवा एबलवाला शब्द भेटला तरी तो परका वाटला नाही. बायोडिग्रेडेबल कितीही लांब असला तरी बोट आपोआप शेवटच्या चार अक्षरांवर जाते, आणि मागचा शब्द उघडा पडतो.

बालभारतीची स्थापना १९६७ची, म्हणजे आमच्यासारख्यांचे बरेचसे शालेय शिक्षण तिच्याच पुस्तकांवर झाले. तिच्या पाठ्यपुस्तक मंडळावर काम करणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की इंग्रजीच्या पुस्तकात या प्रत्ययाला एक पूर्ण पान द्या. दोन रकाने करा, एक 'करता येईल' असा आणि दुसरा 'करण्यास योग्य' असा, आणि मुलांना त्यांच्या फोनमधले, दुकानातले, वर्तमानपत्रातले शब्द आणून त्यात बसवू द्या, शेजारी मराठी शब्द लिहू द्या. आणि ज्यांच्या घरी आठवी-नववीतले मूल आहे त्यांनी पुस्तकाची वाट न पाहता आज रात्रीच्या जेवणाला हा खेळ सुरू करावा. पहिला शब्द 'रिलाएबल' घ्या, आणि तो कोणत्या रकान्यात जातो ते मुलालाच ठरवू द्या.